तीस सेकंदांत वाक्यशुद्धी

सदाशिव पेठ, पुणे
९ जानेवारी २०२५

उत्कर्षा,

सासूने सुनेला पत्र लिहिताना पहिल्या ओळीत आशीर्वाद द्यायची रीत आहे. ते तुला माझ्याकडून हवे आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही, म्हणून वर एक ओळ मोकळी सोडली आहे. हवे असले तर भरून घे.

पाकीट घ्यायला पोस्टात गेले तर खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, पुण्यातल्या पुण्यात कशाला पत्र पाठवता, फोन करा. मी त्यांना म्हटलं, फोनवर बोललेलं खोडता येत नाही. त्यांना पटलं नसावं. तुला पटेल.

सलिल परवा बाबांना भेटायला आला होता. तू सरळसेवेच्या परीक्षेला पुन्हा बसते आहेस, ती एप्रिलच्या शेवटी आहे आणि वयाच्या अटीमुळे ही तुझी शेवटची संधी आहे, एवढं त्याच्या तोंडून निघालं. मी आणखी खोदलं. तेव्हा कळलं की मागच्या दोन्ही वेळा तू थोडक्यात राहिलीस, आणि दोन्ही वेळा मराठीत राहिलीस. इतिहास चांगला, गणित चांगलं, मराठीचे उतारेसुद्धा चांगले. फक्त वाक्यशुद्धीचे आठच्या आठ प्रश्न कोरे. तो म्हणाला, 'ती प्रश्न वाचतच नाही, आई. पान उलटते.'

तू ते प्रश्न का वाचत नाहीस हे मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या फोनबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. मी अडतीस वर्षं मराठी शिकवते आहे, आणि निम्म्या पेठेतली मुलं माझ्याकडून वाक्यशुद्धी शिकून सरकारी खुर्चीत बसली आहेत. माझ्याच घरातल्या मुलीने ते प्रश्न कोरे सोडावेत याचा मला राग येतो. कोणाचा येतो ते विचारू नकोस.

तर कामाचं. एका प्रश्नाला तीस सेकंद मिळतात. अख्खं वाक्य वाचत बसायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून ते वाचायचंच नाही. आधी शेवटाला जायचं, क्रियापदावर. मग कर्ता शोधायचा. मधलं सगळं बोटाने झाकायचं. हे वाक्य घे: 'पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या फळांच्या गाड्यांची लांबच लांब रांग काल सकाळी हटवले.' वाचताना ते ठीकच वाटतं, कारण मधल्या गर्दीत कान हरवतो. आता झाक. उरतं, 'कर्मचाऱ्यांनी रांग हटवले.' आता दुसरीतलं पोरही सांगेल की हटवली हवं. कर्त्याला ने किंवा नी लागलेला असला की क्रियापद कर्माच्या तोंडाकडे बघतं. कर्मालाही ला किंवा ना लागला, तर ते कोणाकडेच बघत नाही, 'पोलिसांनी चोरांना पकडले' म्हणून मोकळं होतं. एवढ्या एका नियमावर आठातले तीन प्रश्न सुटतात.

सोबत वीस वाक्यांचा कागद आहे. सोडवून सलिलबरोबर परत पाठव. पत्राचं उत्तर लिहायची सक्ती नाही.

नीरजा
(सही करताना 'तुझी आई' लिहिणार होते. हात आखडला.)


२८ जानेवारी २०२५

उत्कर्षा,

कागद मिळाला. सोबत एक ओळही नव्हती. मीच सक्ती नाही म्हटलं होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

वीसपैकी अकरा सोडवलेस, अकराही बरोबर. नऊ कोरे. पण मी शिक्षिका आहे, कागद उजेडात धरून बघायची माझी जुनी खोड आहे. त्या नऊपैकी सात ठिकाणी तू पेन्सिलीने खूण केलीस आणि मग खोडरबराने पुसलीस. त्या सात खुणांपैकी सहा बरोबर होत्या. तुला उत्तर येतं, उत्कर्षा. ते दिलं की कोणीतरी हसेल असं तुला वाटतं. परीक्षेच्या हॉलमध्ये कोणी हसत नाही. तिथे यंत्र कागद तपासतं आणि यंत्राला तू यवतमाळची की सदाशिव पेठेतली हे कळत नाही.

म्हणून आजचा पहिला धडा कोरं न सोडण्याचा. चार चुका झाल्या की एक बरोबर उत्तर वाया जातं, हे खरं. पण चारांतले दोन पर्याय नक्की चूक आहेत असं दिसलं, तर उरलेल्या दोनांत एक निवडायचाच. तिथे सोडून देण्यातच जास्त नुकसान आहे.

दुसरा धडा. चारही पर्याय वरपासून खालपर्यंत वाचू नकोस. ते बारा शब्दांपर्यंत सारखेच असतात आणि एका जागी वेगळे होतात. फक्त तेवढी जागा वाच. तिसरा, एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारीशेजारी बसलेले दिसले की एकाला उठव. 'पुन्हा परत', 'फक्त दोनच', 'सकाळच्या प्रातःकाळी'. हा प्रश्न काढणाऱ्यांचा फार आवडीचा खेळ आहे.

बाबा बरे आहेत. उजवा हात खांद्यापर्यंत उचलतात. शब्द अजून अर्धे येतात. काल दूध हवं होतं तर म्हणाले, 'ते... पांढरं... गाय.' मी थांबले. पूर्वी मी कोणाचंही वाक्य संपायची वाट बघत नसे, हे तुला मी काय सांगणार? त्यांनी बऱ्याच वेळाने दूध म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले. स्पीच थेरपीच्या बाईंनी मला बजावलंय की त्यांची वाक्यं दुरुस्त करायची नाहीत, अर्थ लागला की उत्तर द्यायचं. मी तीन वर्षं ते पाळते आहे. क्लासमधल्या मुलांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

क्लासमध्ये आता मी विदर्भातली उदाहरणं घेत नाही. त्याचं कारण या पत्रात मावणार नाही.

नवा कागद जोडला आहे. पेन्सिल वापरू नकोस, पेन वापर.

नीरजा


२१ फेब्रुवारी २०२५

उत्कर्षा,

या वेळी वीसच्या वीस सोडवलेस, पेनाने. सतरा बरोबर. कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच ओटा पुसला, इतका आनंद झाला.

मग कोपऱ्यातली ओळ दिसली. 'प्र. ७. तो जेवून राहिला. हे वाक्य चूक आहे असं तुम्ही मानता. का?'

क्लासमध्ये घेत नाही तरी परीक्षेत येतं म्हणून ते वाक्य मी कागदात ठेवलं होतं. तीन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याचं परीक्षेपुरतं उत्तर दोन ओळींत देता येतं. परीक्षेची मराठी ही एका भागातली मराठी आहे, तीच सगळ्यांना गणवेश म्हणून दिली आहे. गणवेशात 'तो जेवतो आहे' असं म्हणतात. तेव्हा तीन तास गणवेश घालायचा आणि बाहेर आल्यावर काढून ठेवायचा. तुमच्याकडे 'जेवून राहिला' म्हणजे आत्ता जेवतो आहे, यात काडीचाही गोंधळ नाही. करून राहिला, येऊन राहिली, बोलून नाही राहिले. नियम पक्का आहे, सगळ्या क्रियापदांना सारखा लागतो. तेव्हा ते वाक्य चूक नाही. मी चूक म्हणत आले.

आता तो फोन. टाळता येईल तितका टाळला.

त्या दिवशी मी क्लासवर होते, समोर सत्तर मुलं, फळ्यावर वाक्यशुद्धी. घरी तू आणि बाबा दोघंच होतात. तुझा फोन आला. तू म्हणालीस, 'आई, बाबा बोलून नाही राहिले.' मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, 'आधी वाक्य शुद्ध कर, मग फोन कर.' आणि ठेवला. मुलं हसली. त्यावर कळस म्हणजे मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, यात काय चुकलं?

तू मला परत फोन केला नाहीस. खाली जाऊन रिक्षा थांबवलीस, तिसऱ्या मजल्यावरून शेजारच्यांच्या मदतीने त्यांना उतरवलंस आणि पंचवीस मिनिटांत दवाखान्यात नेलंस. डॉक्टर नंतर म्हणाले, एवढ्या लवकर आणलं म्हणून पक्षाघातावरचं इंजेक्शन देता आलं. माणूस वाचला तो तुझ्या पंचवीस मिनिटांमुळे. आणि मी बिबवेवाडीच्या वन्संना, माझ्या बहिणीला, सलिलला, शेजारच्या सुरुचीला, सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: 'सुनेने नीट सांगितलं नाही, मला अर्थच लागला नाही.' महिन्याभरात तुम्ही दोघं विश्रांतवाडीला गेलात.

हे सगळं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते आता लिहिते.

मला अर्थ लागला होता. पहिल्या क्षणाला लागला होता. बाबा बोलत नाहीत. पण आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या सभेत ते बोलायला उभे राहिले होते आणि मी सगळ्यांसमोर मधेच त्यांचा शब्द सुधारला होता. ते अर्ध्यातच खाली बसले. सकाळी माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, चहासुद्धा स्वतः करून घेतला. मला वाटलं, अबोला अजून चालू आहे आणि आता सूनबाई मध्यस्थी करते आहे. सत्तर मुलांसमोर मला घरचं भांडण नको होतं. म्हणून मी व्याकरणाच्या आड लपले.

तुझ्या वाक्यात काहीच चुकलं नव्हतं. बाबा बोलत नव्हते, एवढंच तू सांगितलंस आणि एवढंच मी ऐकलं. का बोलत नव्हते ते मी माझ्या मनाने भरलं. पुढे तीन वर्षं तुझ्या बोलण्यावर खापर फोडलं, कारण नवऱ्याने माझ्याशी अबोला का धरला होता हे मला कोणाला सांगायचं नव्हतं.

मला फार लाज वाटते, उत्कर्षा. माफी मागायचा शब्द लिहून तीन वेळा खोडला, कारण तो फार लहान दिसत होता. तरी मागते.

कागद जोडलेला नाही. आज मला प्रश्न काढता आले नाहीत.

नीरजा


१९ एप्रिल २०२५

उत्कर्षा,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली आणि मग ठरवलं की तुझ्या उत्तराची वाट न बघता माझं काम करावं.

मी चौघांना सांगितलं. सलिलला आधी, समोर बसवून. तो उठून बाबांची नखं कापायला बसला. जाताना म्हणाला, 'हे तिला मी सांगायचं की तू?' मी म्हटलं, मी लिहिलंय. बहिणीने फोनवर रडून घेतलं. सुरुची म्हणाली, काकू, मला तेव्हाच वाटलं होतं. तिला तेव्हाच वाटलं होतं तर तेव्हाच बोलायला काय झालं होतं, हे मी विचारलं नाही. सुधारते आहे मी.

वन्संकडे स्वतः गेले, बिबवेवाडीला, दोन बस बदलून. त्या तुझ्याबद्दल सगळ्यांत जास्त बोलल्या होत्या. मी म्हटलं, 'वन्सं, उत्कर्षाने नीट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, 'वहिनी, हे सांगायला तीन वर्षं लागली? बस काय रोज चुकत होती?' मी ऐकून घेतलं. त्यांचा हक्क होता.

बाबांनाही सांगितलं, अबोल्यासकट. त्यांना तो दिवस नीट आठवत नाही. पण सोसायटीची सभा आठवते, पक्की. डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत राहिले आणि हसत राहिले. मग म्हणाले, 'उत्... कर्षा... परीक्षा.' तुझं जोडाक्षर त्यांना अजून अवघड जातं, तरी जोर लावून म्हणतात.

पुढच्या रविवारी तुझा पेपर आहे, तेव्हा शेवटच्या सूचना. मराठीचा भाग आधी उघड, डोकं ताजं असताना. वाक्यशुद्धीला आठ प्रश्नांना मिळून चारच मिनिटं द्यायची. क्रियापद, कर्ता, मधलं झाकणं, वेगळी जागा, जोडीने बसलेले शब्द, याच क्रमाने जायचं. अधोरेखित शब्द सुधारायला सांगितला असेल आणि 'बदल आवश्यक नाही' असा पर्याय असेल, तर त्याला घाबरू नकोस. माझी हुशार मुलं त्याच पर्यायावर मार खातात, कारण कुठेतरी चूक असणारच असं धरून ती बसतात. एकदा काळं केलेलं वर्तुळ बदलायचं नाही. आणि एखाद्या प्रश्नाला माझा आवाज कानात आला, तर त्याला 'गप्प बसा आई' म्हण. मनातल्या मनात म्हण, पर्यवेक्षक उठवतील.

निकाल काही लागला तरी तू तीच, असं लिहायचा मोह होतो. खोटं कशाला लिहू? ही नोकरी तुला हवी आहे आणि ती तुला मिळायला हवी आहे. पास हो.

आई
(या वेळी हात आखडला नाही. तुला खटकलं तर खोड.)


विश्रांतवाडी
६ मे २०२५

आई,

तुमच्या भाषेत पत्र लिहायला तीन वेळा बसली आणि तिन्ही वेळा फाडलं. आता माझ्या भाषेत लिहून राहिली आहे. तुम्ही लाल पेन दूर ठेवा.

पेपर दिला. पान उलटलं नाही. आठही सोडवले. पाचव्या प्रश्नाला तुमचा आवाज आला होता, तुम्ही सांगितलं तसं केलं. उत्तरतालिका परवा लागली. सहा बरोबर, एक माझा चुकला आणि एकावर माझं त्यांच्याशी पटलं नाही. 'आईने मुलीला शाळेत पाठवले' हे मी शुद्ध म्हणून निवडलं. तालिकेत 'पाठवली' दिलं आहे. मुलीला 'ला' आहे ना, मग क्रियापद कोणाकडे बघणार? मी हरकत नोंदवली. पुरावा म्हणून तुमचं पत्र जोडणार होती, पण छापलेल्या पुस्तकाचंच पान मागतात. दोन पुस्तकांची पानं जोडली. आई, मी मराठीवर कोणाला तरी 'तुमचं चुकलं' असं लिहून दिलं. अर्ज पाठवला आणि सलिलला म्हटलं, बघ बाप्पा, मीच केलं ना हे? हा एक गुण सोडला तरी मागच्या कटऑफच्या नऊ गुण वर आहे. अजून यादी लागायची आहे, पण पहिल्यांदाच मला यादीची भीती नाही वाटून राहिली.

आता दुसरं. तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा मी उत्तर नाही दिलं. राग होता, पण तेवढंच नव्हतं.

तुम्ही त्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. मी दवाखान्यातून तुम्हाला दोन तास फोन केला नव्हता. बाबांना आत नेलं, कागदावर नातं म्हणून 'सून' लिहून सही केली आणि बाकावर बसली. फोन हातात होता. तुमचं नाव समोर होतं. मी मुद्दाम नाही लावला. म्हटलं, यांना वाक्य शुद्ध करूनच ऐकायचं आहे ना, मग बसू देत. क्लास सुटल्यावर, तुम्हीच फोन केल्यावर सांगितलं. तुम्ही आल्या तेव्हा हाताला खडू लागलेला होता आणि तुम्ही मला एवढंच विचारलं, 'किती वेळ झाला?' मी सांगितलं. दोन तास.

तुम्ही माझ्याबद्दल सगळ्यांना खोटं सांगितलं हे खरं. पण माझे ते दोन तास खरे असून कोणालाच नाही सांगितले. सलिललाही नाही. बिबवेवाडीच्या आत्यांच्या हातात हे पडलं असतं तर मला त्या घराचं दार पुन्हा दिसलं नसतं. तीन वर्षं मी विचार करून राहिली की तुम्ही का नाही सांगितलं. आणि तुमच्या खोट्याला मी कधी उत्तर दिलं नाही, कारण ते खोटं चालू होतं तोवर माझं हे झाकलेलं होतं. तुम्ही बिबवेवाडीला दोन बस बदलून गेल्या असं तुमच्या पत्राआधीच सलिलनं सांगितलं, तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

सलिलला काल सांगितलं. आता आत्यांना सांगायचं आहे. फोनवर नाही, समोर जाऊन. येत्या रविवारी मी सदाशिव पेठेत येते, बाबांना भेटते, आणि मग आपण दोघी बिबवेवाडीला जाऊ. मी माझ्याच भाषेत सांगणार आहे, काही सुधारून नाही. आत्या मधेच बोलतील, मला माहीत आहे. तुम्ही त्यांना उत्तर देऊ नका, माझी बाजू घेऊ नका.

माझं वाक्य संपेपर्यंत फक्त माझ्या शेजारी बसा.

उत्कर्षा